पोर्ट मॅरियनचं पाणी

दसरा गुरुवारीच होऊन गेला होता, पण आयर्लंडमध्ये आपले सण रविवारी येतात. त्यामुळे नासच्या पांढरीपांड्यांच्या घरात श्रीखंड-पुरीचा बेत रविवारी होता आणि वसुधा सकाळपासून ओट्याशी उभी होती. आठवडाभर तिने हॉस्पिटलच्या फार्मसीत जादा पाळ्या केल्या होत्या. पाय भरून आले होते, पण घरात सगळे जमलेले असताना तिला बसवत नसे.

"आई, त्या खालच्या प्रेसमधून मोठं पातेलं काढता का?"

"प्रेसमधून?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. त्यांना नागपूरहून येऊन दोन महिने झाले होते.

"कपाटातून. इथे कपाटाला प्रेस म्हणतात."

"मग इस्त्रीले काय म्हणून राहिले हे लोक?" असं म्हणत सासूबाईंनी वाकून पातेलं काढलं आणि उलटं करून त्याचं बूड बघितलं. नवऱ्यामागे खानावळ चालवून त्यांनी दोन मुलगे इंजिनिअर केले होते. बूड बघितल्याशिवाय भांडं शेगडीवर जात नसे.

ते दोन्ही मुलगे बाहेरच्या खोलीत एका सोफ्यावर बसले होते. दसऱ्याला दोघं आईसमोर असे अकरा वर्षांनी बसले होते. थोरला पुरुषोत्तम कमी बोलणारा, हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसलेला. धाकटा रविंद्र, वसुधाचा नवरा, बोलून बोलून घर भरून टाकणारा. पुरुषोत्तमची बायको उर्मिला खिडकीशी बसून विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होती. त्यांची मुलगी इरावती डब्लिनच्या सँडीफोर्डहून नुकतीच आली होती आणि कोट न काढताच पुऱ्या लाटायला बसली होती.

अमेरिका मोडली त्याला आता दोन वर्षं होत आली होती. वसुधाला ते वाक्य अजून मनातल्या मनातही नीट म्हणता येत नसे. दोन हजार अकरात तिथल्या बँका चार दिवसांसाठी म्हणून बंद झाल्या आणि पुन्हा कधी धड उघडल्या नाहीत. मग मंदी, मग कारखान्यांना कुलपं, मग सैनिकांचे आणि शिक्षकांचे थकलेले पगार. पश्चिमेकडच्या राज्यांनी स्वतःचं नाणं काढलं, टेक्सासने सीमा बंद केली, आणि सोळाच्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सभागृहात कामकाज चालेल एवढी माणसंही जमेनाशी झाली. कुणी कुणाशी युद्ध पुकारलं नाही. जुन्या गोधडीचे टाके सुटावेत तसा देश सुटत गेला.

तेव्हापासून डब्लिनच्या बंदराला जहाजं लागत होती. ज्यांचे पूर्वज इथून उपाशीपोटी अमेरिकेला गेले, ते लोक आता तिथून परत येत होते. नासजवळ पंचेसटाउनच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांची वस्ती उभी राहिली होती. त्या वस्तीला पाणी पुरुषोत्तमने आणलं होतं. तोही त्याच लोकांबरोबर, तशाच एका जहाजातून गेल्या वर्षी इथे उतरला होता. एरी सरोवराकाठच्या पोर्ट मॅरियन या गावाचं पाणी त्याने पंचवीस वर्षं सांभाळलं होतं, आणि त्याच गावातल्या लोकांनी एका हिवाळ्यात त्याचं घर जाळलं होतं. परके आमच्या नोकऱ्या खातात, असं म्हणत.

"शुक्रवारी काउंटी कौन्सिलच्या बाई स्वतः घरी आल्या," रविंद्र आईला तिसऱ्यांदा सांगत होता. "म्हणाल्या, मिस्टर पांढरीपांडे, तुम्हाला आता आम्ही सोडणार नाही. कायमची जागा आहे, आई. अख्ख्या किल्डेअर जिल्ह्याच्या पाण्याचा प्रमुख आपला दादा."

"आडनाव म्हणता आलं का तिले?"

"तिसऱ्या प्रयत्नात आलं."

वसुधाने दारातून थोरल्या दिरांकडे पाहिलं. ते हसले होते, पण हसू लगेच विझलं. हे तिने हल्ली बऱ्याचदा पाहिलं होतं. वस्तीत कुणी पोर्ट मॅरियनकडचं भेटलं की दादा एकच प्रश्न विचारायचे. पाणी येतंय का? तो माणूस दुसरंच काहीतरी बोलायचा.

बेल वाजली. भार्गवी, वसुधाची मुलगी, बारावीच्या अभ्यासातून उठून दार उघडायला गेली आणि मान वळवून तिच्या किल्डेअरी इंग्लिशमध्ये म्हणाली, "बाबा, देअर्स अ वुमन हिअर. अ यँक. शी वॉन्ट्स काका."

*

रविंद्रला ती अमेरिकन बाई आवडली नाही. तिने काही वाईट केलं म्हणून नव्हे. ती आत आली तेव्हा दादा उठून उभा राहिला, आणि दादा कुणासाठी असा उठत नाही, म्हणून.

"डॉरिस," पुरुषोत्तम म्हणाला.

डॉरिस केलर पन्नाशीची, रुंद हाडाची बाई होती. पूर्वी ती पोर्ट मॅरियनमध्ये शाळेची बस चालवायची. आता गावाचा कारभार बघणाऱ्या समितीची प्रमुख होती, कारण बाकीचे निघून गेले होते. सोयाबीन घेऊन येणाऱ्या जहाजातून ती आली होती आणि तेच जहाज गुरुवारी परत जाणार होतं. तिने कोट काढला नाही. खुर्ची दिली तर तिच्या टोकावर बसली.

"तुम्ही पत्र पाठवू शकला असता," रविंद्र इंग्लिशमध्ये म्हणाला.

"पत्र घडी करून ठेवून देता येतं," ती म्हणाली. "नाही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं, एवढ्यासाठी आले."

मग तिने सरळ सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात सरोवरावर हिरवी साय धरली. गाळण्या तुंबल्या. यंत्रणेचा संगणक दोन वर्षांपूर्वीच मेला होता, कारण तो चालवणारी कंपनीच उरली नव्हती. तेव्हा पुरुषोत्तमने सगळे व्हॉल्व्ह हाताने चालवायला दोन माणसांना शिकवलं होतं. त्यातला लीरॉय वसंतात वारला, दुसरा कॅनडात गेला. सप्टेंबरपासून लोक विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी पितात. टायफॉइड पसरलाय. आजारी माणसांना शाळेच्या जिममध्ये ठेवलंय, आणि त्यात मुलं जास्त आहेत.

"किती जणांच्या घरी पाणी आहे?" पुरुषोत्तमने विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"तुरटी आहे?"

"गोदामभर आहे. ती कधी, किती घालायची ते सांगणारं कुणी नाही." ती थांबली. "बर्फ पडलं की सरोवराचा मार्ग बंद होतो. वसंतापर्यंत दुसरं जहाज नाही. म्हणून मी आत्ता विचारतेय. परत याल का?"

रविंद्रला वाटलं, दादा आत्ताच्या आत्ता हो म्हणेल. म्हणून तो मध्ये पडला.

"एक मिनिट. यांचं घर कुणी जाळलं, ठाऊक आहे ना तुम्हाला? वहिनी आत होत्या. मागच्या दाराने बाहेर पडल्या म्हणून वाचल्या. ज्या गावाने यांना परकं ठरवलं, त्या गावाला आता तहान लागली म्हणून हे आठवले?"

"हो," डॉरिस म्हणाली. "तसंच आहे."

 तिने नाकारलं असतं तर तो अजून तासभर बोलला असता. तो दादाकडे वळून मराठीत म्हणाला, "तू बोल ना. मान म्हणून काही असतो की नाही? इथे लोक तुला घरी येऊन विनवतात. लिक्सलिपला माझ्या प्लँटमध्ये वेल्डरसुद्धा विचारतात, तुझा भाऊ कसा आहे. आणि तू त्यांच्या दारी पुन्हा जाणार?"

"मी काही म्हणालो का अजून?"

"तुझं तोंड सांगतंय."

  हे सगळं वर्ष रविंद्रने दादाला स्वतःच्या गाडीतून फिरवलं होतं, दुकानं दाखवली होती, माणसं जोडून दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा देणारा हात त्याचा होता. ते त्याला सोडवत नव्हतं, आणि ही गोष्ट वसुधाला कळते, हेही त्याला दारात उभ्या असलेल्या तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"काय म्हणून राहिली ते बाई?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. "कोणी मले सांगन का?"

*

ते काम इरावतीवर आलं. ती आजीच्या पायाशी सतरंजीवर बसली आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. तिचं मराठी पोर्ट मॅरियनच्या स्वयंपाकघरात आईबाबांकडून शिकलेलं होतं, त्यामुळे त्यात घरातले सगळे शब्द होते आणि बाहेरच्या जगाचे फारसे नव्हते. टायफॉइडला तिने 'पोटाचा ताप' म्हटलं. आजीने मान हलवली.

इरावती स्वतः रागात होती. मास्टर्स करायला डब्लिनला आली तेव्हा घर सुरक्षित होतं. नंतर बातम्या येऊ लागल्या. घर जळाल्याचं तिला आठवड्याने कळलं. आईबाबांना तिथून बाहेर काढायला तिने किती कार्यालयांचे उंबरे झिजवले, कुणाकुणासमोर रडली, हे या खोलीत कुणालाच पूर्ण माहीत नव्हतं.

"आजी, ती म्हणते, बाबांनी परत यावं. मी म्हणते, नाही. मी यांना तिथून काढलंय. पुन्हा काढण्याची ताकद माझ्यात नाही."

"पुरू," आजी मुलाकडे बघून म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलून राहिली. रवीही बरोबर बोलून राहिला. मी चौऱ्याऐंशी वर्षांची. तुले पाहाले एवढ्या लांब आली. तू पुन्हा समुद्रापल्याड जाशील तर मी कोणाच्या भरवशावर थांबू इथं?"

आता सगळेच एका बाजूला होते. इरावतीला वाटलं, जिंकलो. मग वसुधाकाकू हात पुसत पुढे आली.

"मी वेगळं बोलले तर चालेल का?" ती म्हणाली. "रोज वस्तीतले लोक औषधं न्यायला फार्मसीत येतात. दादा एकदा माझ्याबरोबर तिथे बसले होते. एक बाई आली, पोर्ट मॅरियनची. तिने यांना ओळखलं आणि हात धरून म्हणाली, तुम्ही होतात तोवर आम्हाला कधी नळाकडे बघावंसुद्धा लागलं नाही. त्या रात्री दादा जेवले नाहीत. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला दिसतं. त्यांना इथे मान आहे, काम आहे. पण मन तिथल्या पंपांशी आहे. त्यांना विचारा तरी."

"वसुधा, तू यात पडू नकोस," रविंद्र म्हणाला.

"पडले."

"विचारायचंच तर मला विचारा," खिडकीजवळून आवाज आला.

उर्मिलाने वह्या बाजूला ठेवल्या होत्या. या सगळ्यात ती एक शब्द बोलली नव्हती. घर जळाल्याबद्दल ती या वर्षभरात कधीच बोलली नव्हती. इरावतीला वाटे, आईला ते आठवत नसावं. तिलाच तसं वाटून घ्यायचं होतं.

"त्या संध्याकाळी हे पंपघरात होते," उर्मिला म्हणाली. ती सगळ्यांना सांगत होती, पण बघत नवऱ्याकडे होती. "मी मागच्या दाराने पळाले आणि शेजारच्या रूथच्या अंगणात जाऊन बसले. तिथून यांना फोन केला. म्हटलं, घर पेटलंय. हे म्हणाले, तू बाहेर आहेस ना? मी म्हटलं, हो. हे म्हणाले, मग मी येऊ शकत नाही. आणि फोन ठेवला. तुम्ही आला नाहीत. सकाळपर्यंत आला नाहीत."

 रविंद्रने दादाकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेतला आतापर्यंतचा लाड एका क्षणात गेला.

"खरं आहे हे?" त्याने विचारलं.

"खरं आहे," पुरुषोत्तम म्हणाला. "अग्निशमनाचे बंब आमच्याच गल्लीत होते. पंपांच्या झडपा हाताने फिरवत नळाचा दाब मी धरून ठेवला होता. पंपघर सोडलं असतं तर रबरी नळ्यांतून पाणी थांबलं असतं. आपलं घर गेलंच होतं. बाजूची अकरा घरं राहिली."

"म्हणजे ज्यांनी जाळलं त्यांचीच घरं वाचवत होतास तू? आणि वहिनी एकट्या बाहेर थंडीत?"

"त्यातलीही असतील. मला वेगळी करता आली नाहीत, रवी. पाणी सगळ्यांना सारखंच जातं."

प्रमोदिनीबाई मोठ्या सुनेकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "एवढं पोटात ठेवून तू जेवण वाढत होती आम्हाले? काहून बोलली नाही पोरी?"

"कारण बोलले असते तर तुम्ही यांच्यावर रागावला असता," उर्मिला म्हणाली. "आणि राग माझा आहे. तो मी कुणाला वाटून देणार नव्हते. मी यांच्यावर रागावले होते, आजही आहे. पण लाज मला या माणसाची कधी वाटली नाही. त्या सकाळी हे काजळीने माखून आले आणि रूथच्या दारात उभे राहिले. गल्लीतली सगळी माणसं आपापल्या शाबूत घरांच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि एकाचीही यांच्याकडे वर मान करून बघायची हिंमत झाली नाही. तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्ही सगळे मानाबद्दल बोलताय म्हणून सांगते. मान तिथेच होता. आम्ही तो तिथे टाकून आलो, कारण भीती वाटली."

*

ती खुर्ची ओढून डॉरिससमोर बसली आणि इंग्लिशमध्ये बोलू लागली. शाळेत विज्ञान शिकवतानाचा तिचा आवाज होता. पंचवीस वर्षांपूर्वी पोर्ट मॅरियनच्या शाळेत पहिल्या दिवशी मुलं तिच्या उच्चारांना हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी हसायची थांबली होती. डॉरिसची दोन्ही मुलं तिच्याकडेच शिकलेली होती.

"पाणी एका माणसावर चालता कामा नये," उर्मिला म्हणाली. "गावातली तरुण मुलंमुली हे निवडतील आणि तयार करतील. समिती मध्ये बोलणार नाही. कुणाच्या पुतण्याला वशिल्याने घ्या म्हणून येणार नाही."

"कबूल."

"जिम रिकामी झाली की शाळा सुरू होईल. ती मी चालवीन. माझ्या पद्धतीने."

डॉरिसच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी सैल झालं. "तुमची पद्धत मला ठाऊक आहे."

"आणि तिसरं. आम्ही पोचलो की नगर सभागृहात सगळ्या गावाला बोलवा. आमचं घर कुणी जाळलं, ती नावं मोठ्याने वाचायची. शिक्षा मला नको. हिवाळ्यात कुणाला तुरुंगात घालून तुमचं चालणार नाही, मला कळतं. पण नावं वाचल्याशिवाय हे पंपघराचं दार उघडणार नाहीत."

पुरुषोत्तमने दचकून बायकोकडे पाहिलं. त्याने अशी अट कधीच घातली नसती. तो उतरल्या उतरल्या धावत पंपघरात गेला असता. पण तो मध्ये बोलला नाही. तिने वाट बघितली होती, आता त्याने बघायची होती.

डॉरिसने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नावं मी वाचेन. पहिलं नाव माझ्या भावाचं असेल. तो घरातून निघताना मी त्याला पाहिलं होतं. कुठे चाललाय ते कळलं होतं. मी दार लावून घेतलं."

इरावती आजीसाठी भाषांतर करत होती, ती तिथे थांबली. "ती हो म्हणाली, आजी," एवढंच ती म्हणाली.

"एवढं लांब बोलली ते नुसतं हो?"

"पूर्ण सांग, इरा," उर्मिला म्हणाली. "आजीपासून काही लपवू नकोस."

इरावतीने पूर्ण सांगितलं. प्रमोदिनीबाईंनी डॉरिसकडे निरखून पाहिलं. ती बाई मान खाली घालून बसली नव्हती, ताठ होती, आणि तिचे डोळे कोरडे होते.

"घराचं काय?" रविंद्र म्हणाला. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता, व्यवहाराचा होता. "राहणार कुठे ही दोघं?"

"लाकूड मिळत नाही," डॉरिस म्हणाली. "घर बांधून देते असं म्हणाले तर ते खोटं होईल. माझं घर आहे. वरचा मजला रिकामा आहे."

उर्मिला हसली. आल्यापासून कुणी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "इतक्या वर्षांत अमेरिकेतल्या कुणीही, जे देता येत नाही त्याला मला सरळ नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली आणि मग मराठीत वळून नवऱ्याला म्हणाली, "चला."

"तुझं नक्की?"

"तुमच्यासाठी नाही चालले मी. माझी शाळा आहे तिथे."

इरावती उठून उभी राहिली. "आई, मी तुम्हाला काढलं तिथून," ती म्हणाली, आणि पुढचं इंग्लिशमध्ये सुरू करून मध्येच थांबली.

उर्मिलाने तिचे पिठाने भरलेले हात हातात घेतले. "काढलंस, म्हणून तर परत जाता येतंय. तिथेच राहिलो असतो तर भिऊन राहिलो असतो. आता जातोय ते बोलावल्यावरून जातोय. तू केलंस हे, इरा."

प्रमोदिनीबाई काठी टेकत उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारात थांबून त्या वसुधाला म्हणाल्या, "त्या बाईले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको. कोट काढाले लाव पहिले. अन् पुऱ्या वाढव, ते हाडापेरानं मोठी आहे."

*

गुरुवारी सकाळी रविंद्रने प्लँटमध्ये सुट्टी टाकली आणि सगळ्यांना गाडीत घालून डब्लिन बंदरावर नेलं.  चार दिवस त्याने एकच काम केलं होतं. पंपाचे सील, झडपांचे रबर, पाणी तपासायच्या पट्ट्या, मिळेल ते गोळा केलं होतं. लिक्सलिपच्या मित्रांना त्याने नुसतं सांगितलं होतं की भाऊ परत चाललाय. कुणी का विचारलं नाही. ज्याच्या गॅरेजमध्ये जे होतं ते त्याने आणून दिलं. पाच मोठी खोकी झाली.

बंदराच्या त्या लांब शेडमध्ये गर्दी होती. रात्री दोन जहाजं लागली होती. माणसांची रांग भिंतीपासून भिंतीपर्यंत वळत गेली होती, पोरं गाठोड्यांवर झोपली होती, आणि सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे होते. पुरुषोत्तम आणि उर्मिला दुसऱ्या बाजूने गेले. तिथे कागद तपासायची खिडकी नव्हती. जाणाऱ्यांसाठी खिडकी करावी, असं कुणाला सुचलंच नव्हतं.

पांढऱ्या मिश्यांचा एक अधिकारी त्यांच्याकडे आला. "उतरलेल्यांची रांग तिकडे आहे," तो म्हणाला.

"आम्हाला चढायचंय," उर्मिला म्हणाली.

त्याने डॉरिसकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं. "चढायचंय," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने विचारलं, "तिकडे आता काय काम निघालं?"

"हे पाणी बघतात," डॉरिस पुरुषोत्तमकडे बोट दाखवून म्हणाली. "पोर्ट मॅरियनचं."

रांगेतला एक माणूस वळला. मग त्याच्या पुढची बाई वळली. पोर्ट मॅरियन हे नाव रांगेतून पुढे सरकत गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि तो तसाच उभा राहिला. दोघा तरुणांनी रांग सोडली, खोकी उचलली आणि जहाजाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या साखळीपर्यंत आणून ठेवली. अधिकाऱ्याने साखळीचं कुलूप स्वतः उघडलं. ते गंजलं होतं, त्याला दोनदा जोर लावावा लागला.

"ग्रँड," तो 'ठीक आहे'च्या सुरात म्हणाला. "सांभाळून जा."

रविंद्रला भावाच्या पाया पडायचं होतं, पण एवढ्या लोकांत त्याला संकोच वाटला. मग त्याने तो संकोच सोडला आणि ओल्या सिमेंटवर वाकला. पुरुषोत्तमने त्याला उठवलं आणि खूप वेळ धरून ठेवलं. उर्मिला थांबली नाही. खांद्याला पिशवी अडकवून ती ताठ मानेने पुढे चालत गेली, आणि डॉरिसला तिच्या बरोबरीने चालायला पावलं लांब टाकावी लागली.

प्रमोदिनीबाई व्हीलचेअरमध्ये बसून हे बघत होत्या. इरावती त्यांच्या मागे उभी होती, दोन्ही हातांनी खुर्चीची मूठ धरून.

"आजी, थंडी वाजतेय का? आत जाऊया?"

"थांब," त्या म्हणाल्या. "जहाज हलू दे. मले पाहू दे."

जहाज हललं तेव्हा इरावती रडली, पण तिने नजर खाली केली नाही.

*

नोव्हेंबर गेला. सरोवराच्या वाटेवर बर्फ धरल्याची बातमी आली. तिकडून उपग्रहाचे फोन क्वचितच लागत आणि लागले तर लगेच तुटत. डिसेंबरच्या एका दुपारी सगळे नासच्या घरी जेवायला बसले होते आणि इरावतीचा फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. खरखरीतून उर्मिलाचा आवाज आला, दमलेला आणि घाईतला.

"इरा? ऐकू येतंय? नावं वाचली. सगळी वाचली, डॉरिसने. तिचा भाऊ उठून उभा राहिला, शेवटपर्यंत उभा होता. तीन आठवड्यांपूर्वी पाणी आलं. आधी गढूळ होतं, आता स्वच्छ आहे. जिम परवा रिकामी झाली. बाबा तिथेच पंपघरात झोपतात, सहा पोरी आणि चार पोरं त्यांच्या मागे फिरतात. बरे आहेत. आजीला सांग. ठेवते मी, वर्गात मुलं बसलीत."

फोन बंद झाला. रविंद्र हातातला घास तसाच धरून बसला होता. वसुधाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रमोदिनीबाईंना फोनवरचं नीट ऐकू येत नसे. "काय म्हणाली उर्मिला?" त्यांनी विचारलं. "एवढ्यात ठेवला?"

"पाणी आलं म्हणाली, आजी. आणि वर्गात मुलं बसलीत म्हणाली."

"अन् पुरू?"

"बाबा पंपघरात झोपतात."

 प्रमोदिनीबाईंनी ताट पुढे सरकवलं.

"वाढ मग भात," त्या म्हणाल्या. "थोडा जास्त वाढ."